न वाचता केलेली सही

कर्नलसाहेब,

माझा भाऊ ‘पाय घसरून हातबॉम्बवर पडला’ असं तुमच्या अहवालात लिहिलंय. खाली सही माझी आहे. त्याचा मृतदेह ताब्यात घेताना मी ती न वाचताच केली. ही चूक माझी. ती तुमच्यावर ढकलत नाही.

भाऊ ज्याला बॉम्ब फेकायला शिकवत होता, तो शिकाऊ जवान काल घरी आला होता. त्याने सगळं सांगितलं. ‘या पोराचं मनगट सुजलंय, आज त्याला बॉम्ब फेकायला लावू नका,’ असं भावाने तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “एवढा नाजूक असेल तर आईकडे धाडा!” पिन काढलेला बॉम्ब त्याच्या हातून पायाशीच पडला. “हो बाजूला, गाढवा!” म्हणत भावाने त्याला भिंतीपलीकडे ढकललं आणि स्वतः बॉम्बवर आडवा झाला.

मी तिथे नव्हते. बहीण म्हणून मला हेच खरं हवंय का, असंही स्वतःला विचारलं. म्हणून त्या जवानाला तीनदा सांगायला लावलं. तिन्ही वेळा तो ‘गाढवा’पाशीच रडला.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या चौकशीत तुमच्यासमोरच सही मागे घेईन. त्या जवानाला तुम्ही गप्प बसवू शकाल. मी तुमच्या हाताखाली नाही.

हवालदाराची थोरली बहीण