डीबगरच्या पुस्तिकेतला थांबा

३ नोव्हेंबर
प्रकरण ३ परत आलं. लाल, नुसतं लाल. अनिरुद्ध सरांनी (पुणे, मी लिहितेय त्या मराठी पुस्तिकेचे संपादक, अजून प्रत्यक्ष भेट नाही) ‘ब्रेकपॉइंट’साठीचा माझा ‘थांबा’ सगळीकडून उपटून टाकला आणि ‘विच्छेदबिंदू’ लावला. बाजूला शेरा: ‘थांबा हा शब्द एसटीचा वाटतो. जरा ग्रामीण.’
एसटीचाच आहे! म्हणून तर घेतला. प्रोग्राम धावत येतो, आपण खूण केलेल्या ओळीवर उभा राहतो, आत डोकावून बघायचं काय चाललंय, मग जाऊ द्यायचा. डीबगरने चूक शोधायचं एवढं साधं तंत्र. पॉलिटेक्निकच्या पोरांना यापेक्षा सोपं कसं सांगू? विच्छेद तर सरकारी दवाखान्यात मागच्या खोलीत होतो.
दिवसभर चिडचिड. चहा दोनदा गार.

४ नोव्हें.
बाबांना दाखवलं. विरामचिन्हं तेच बघतात. जन्म मराठी शिकवण्यात गेला, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. वाटलं, माझ्या बाजूने बोलतील. चष्मा पुसून म्हणाले, "विच्छेदबिंदू चांगला आहे. भारदस्त आहे."
"बाबा, पोरांले समजन का ते?"
"समजावून दे. मग तू कशाची मास्तरीण? आणि ‘पोरांले’ नको."
म्हणजे घरातही तेच! जेवताना आईने दोघांकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

६ नोव्हें.
आज परत तोच विषय. मीच काढला. तेव्हा बाबांनी सांगितलं, जे आजवर कधी सांगितलं नव्हतं. डी.एड.ला असताना पहिल्या पाठाला उभे राहिले आणि तोंडातून ‘तुमाले’ निघालं. पोरं हसली, त्याचं काही नाही. मागे बसलेले परीक्षकही हसले. त्यानंतर रोज आरशापुढे बोलून जीभ वळवली.
"आपल्या समाजातला माणूस शुद्ध बोलला की त्यांना हसायला जागा राहत नाही. म्हणून तुम्हा भावंडांना तसं वाढवलं. आता तूच गावातला शब्द छापायला काढतेस."
राग गेला नाही, फक्त कोणावर काढायचा ते कळेना.
पण ‘थांबा’ अशुद्ध कुठून झाला? तेही विचारलं. बाबा खाली मान घालून स्वल्पविराम लावत बसले.

१० नोव्हें.
खरा संताप आज.
प्र. ४ अनिरुद्ध सरांनी मला न दाखवता परस्पर पुस्तिकेच्या साइटवर टाकलं. त्यात चालू प्रोग्रामला डीबगर जोडून तपासायची रीत आहे. शेवटी माझं वाक्य होतं: ‘प्रोग्राम आधी मोकळा करा, मग बाहेर पडा.’ डीबगरपासून मोकळा केला नाही तर डीबगर बंद होताना प्रोग्रामलाही घेऊन जातो. आता तिथे काय आहे? ‘प्रोग्राम सोडून बाहेर पडावे.’ आधी गेलं, मग गेलं, स्वल्पविराम गेला.
ऑफिसमधला प्रवेशाचा प्रोग्राम सारखा अडकत होता. माझा तास चालू, म्हणून रोशनीला पाठवलं (शेवटच्या वर्षाची, आरमोरीहून येते, हुशार). म्हटलं, पुस्तिका वाचत कर. तिने वाचत केलं. सोडून बाहेर पडली. प्रोग्राम बंद. ऑफिसातल्या मेश्रामभाऊंनी सकाळपासून भरलेली सगळी माहिती गेली.
प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, पुस्तिकेवर नाव तुमचंच आहे ना?"
आहे. नाव माझं, वाक्य दुसऱ्याचं.
ऑफिसात बोलणी खाऊन रोशनी जिन्यात रडत होती. "मॅडम, लिवलं होतं तसंच केलं जी मी." वाघामुळे त्या बाजूची पोरं उजेडातच निघतात, तिला बसवून नीट समजावताही आलं नाही. गेली तशीच.

१२ नोव्हें.
अ. सरांना झालेलं कळवलं. उत्तर: ‘आशय तोच आहे. वाचकाने संदर्भ लक्षात घ्यावा.’
वाचकाने!
बाबांना दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. मोबाईल हातात घेतला, स्वतः वाचलं. परत वाचलं.
"‘आधी’ कुठी गेलं?"
मी मूळ वाक्यावर बोट ठेवलं.
"आधी हे, मग ते. दोन कामं होती. यानं एकच ठेवलं. काऊन?"
बाबांच्या तोंडून ‘का’ऐवजी ‘काऊन’ मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या लक्षात आलं नाही, मीही दाखवलं नाही.

१५ नोव्हें.
ऑनलाइन बैठक. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी येऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं.
अ. सरांचा आवाज मऊ. "मॅडम, वैयक्तिक घेऊ नका. प्रश्न प्रमाणभाषेचा आहे."
मी उत्तर देणार तोच बाबा स्क्रीनकडे वाकले. "नमस्कार. मी यांचे वडील. आयुष्यभर प्रमाणभाषाच शिकवली. हे वाक्य माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलानं लिहिलं असतं तर मी खाली रेघ मारली असती. एका पोरीनं तुमच्यावर विश्वास ठेवला आणि बोलणी खाल्ली. संदर्भ तिनं लक्षात घ्यावा म्हणता? आणि ‘थांबा’ काय आमच्या जंगलातून आला? तुमच्याइथच्या एसटीच्या पाट्यांवर बी तोच असंल."
मग अ. सर: "वाक्य बघतो. शब्दाचं समिती ठरवेल." बैठक संपली.
बाबांना पाणी दिलं. "जास्त बोललो का?" म्हणाले.
"नाई," मी म्हटलं. त्यांनी ‘नाई’ला टोकलं नाही.

१९ नोव्हें.
वाक्य दुरुस्त झालं. बदलांच्या नोंदीत लिहिलंय: ‘वाचनसुलभतेसाठी किरकोळ फेरफार.’ किरकोळ! रोशनी ऑफिससमोरून जाताना अजून मान खाली घालते. मेश्रामभाऊंना जाऊन सांगितलं, चूक तिची नव्हती. "असंल जी," म्हणाले. पटलं असं वाटलं नाही.
समिती बसलीच नाही. तोवर प्र. ५ आलं, त्यात आधीच सगळीकडे विच्छेदबिंदू. ‘निर्णय होईपर्यंत हाच ठेवावा.’
बाबांना म्हटलं, माझं नाव काढून टाकायला सांगते. करू दे त्यांचं त्यांना.
"नाव काढू नको. तू उठली का खुर्ची त्याइचीच."
"मग त्यांचा शब्द माझ्या नावाखाली जाऊ देऊ?"


२३ नोव्हें.
सुट्टी. रस्त्याने सकाळपासून धानाचे ट्रॅक्टर. प्र. ५ उद्या परत पाठवायचं आहे. प्रिंट काढून आणलं, बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले. पहिलं पान झरझर झालं. इथे अर्धविराम, तिथे ‘की’ची वेलांटी. दुसऱ्या पानावर पहिला विच्छेदबिंदू आला आणि पेन थांबलं.
बाबा तपासताना कोणाला विचारत नाहीत. शाळेत नाही, घरात नाही. आज वर बघून म्हणाले, "इथी काय लिहू?"
उत्तराची वाट बघत पेन तसंच धरून बसलेत.