नटावरचा पिवळा ठिपका

सर,

काल मी आमच्या गाडीचा पुढचं डावं चाक खालून धरणारा लोअर आर्म स्वतः बदलला. वर्तकनगरात, आमच्या कॉलनीच्या पार्किंगमध्ये, जुनी सतरंजी अंथरून. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि आपली शेवटची भेट त्याच्याही कितीतरी आधीची, तेव्हा ओळख करून द्यायला हवी. तुमच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात एकवीस मुलगे आणि एक मुलगी होती, ती मी. आयटीआय संपल्यावर तुम्ही जिला कल्याणच्या एका वर्कशॉपमध्ये शब्द टाकून चिकटवलंत आणि जी पहिल्याच सोमवारी कामावर आली नाही, तीच. ‘घरचे पाठवत नाहीत’ असा निरोप मी वर्गातल्या एका मुलाबरोबर धाडला होता, आणि पुन्हा तुम्हाला तोंड दाखवलं नाही. त्या सोमवारचं खरं उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलंय. काल गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या तेवढं एकच डोक्यात घोळत होतं.

गाडी बारा वर्षांची आहे. गेले दोन महिने स्पीडब्रेकर आला की डावीकडून खटखट व्हायची आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. नवरा म्हणाला, “रस्तेच असे आहेत गं, ती बिचारी काय करणार?” शेवटी एका रविवारी मीच जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. बॉल जॉइंट खिळखिळा झाला होता आणि आर्म गाडीला जोडणाऱ्या बुशच्या रबराला नख आत जाईल एवढी भेग. माझ्या हातांना हे कळलं याचंच मला नवल वाटलं. सत्तावीस वर्षं ऑफिसात फायली हलवण्यापलीकडे त्यांनी काही केलेलं नाही, आणि माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आहे हे तिथे कुणाला माहीतही नाही. नवरा म्हणाला, “गॅरेजला दे ना, कशाला उगाच व्याप?” मी म्हटलं, “जमेल मला.” तर म्हणतो, “तुला?” त्या ‘तुला’ने माझं डोकं फिरलं आणि मी सामान मागवूनच टाकलं.

काम सुरू होतंय न होतंय तोच वॉचमन आला. “मॅडम, पार्किंगमध्ये रिपेरिंग अलाउड नाय. सेक्रेटरीसाहेब ओरडतील.” मी गाडीखालूनच सांगितलं, “त्यांना म्हणावं, मॅडम इथेच आडव्या झाल्यात, या आणि ओरडा.” सेक्रेटरी आले, वाकून माझे पाय बघितले आणि आल्या पावली परत गेले. तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसला असता. बॉल जॉइंट मात्र गंजून बसला होता. मी खालून हातोडा हाणत सुटले, तो ढिम्म. मग आठवलं, तुम्ही माझ्या हातून हातोडा काढून घेताय आणि म्हणताय, “त्याच्यावर राग कशाला काढतेस? बाजूने मार, जिथे तो धरलाय तिथे.” तिसऱ्या ठोक्याला सुटला. पुढे नवा आर्म बसवला, चाक अजून लटकतच होतं, आणि बुशचे बोल्ट मी करकचून आवळायला निघाले होते. तुमचं वाक्य आठवलं आणि हात आपोआप थांबला. “गाडी आधी तिच्या पायांवर उभी कर. लटकत असताना आवळलंस तर ते रबर पिळलेलंच राहील आणि चार महिन्यांत फाटेल.” चाक चढवलं, त्याच्याखाली दोन फळ्या सरकवल्या, गाडी त्यांवर टेकवली आणि मगच पाना लावला. सर, त्या क्षणी तुमची इतकी आठवण आली की सतरंजीवर तशीच पडून राहिले.

कारण शेवटचं काम उरलं होतं, आणि ते माझं नव्हतं. आपल्या वर्गात आवळणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. विद्यार्थ्याने नट आवळायचा, मग तुम्ही स्वतःचा पाना लावून बघणार, ‘हं’ म्हणणार आणि आगकाडी पिवळ्या रंगात बुडवून नटावर ठिपका देणार. त्या ‘हं’पलीकडे तुम्ही कधी कुणाचं कौतुक केलं नाही. एकदा तुम्ही चहाला गेला होतात, मुलं निघायच्या घाईत, आणि मी माझ्या नटावर माझाच ठिपका देऊन टाकला. तुम्ही येता, पाना लावता, आणि नट अर्धा फेरा फिरतो. सगळा वर्ग बघतोय. मला वाटतं आता हाकलणार. तुम्ही एवढंच म्हणता, “स्वतःचा नट स्वतःला घट्टच वाटतो गं.” आणि रंगाचा डबा माझ्या हातात देता. पूर्ण आठवडा बाकीच्यांचे नट मी तपासायचे, मी ठिपका दिल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. पोरं वैतागली होती. “अगं बाई, दे ना ठिपका, गाडी चुकंल माझी!” मी एकालाही सूट दिली नाही. माझ्या तरुणपणात मला स्वतःचा एवढा अभिमान दुसऱ्या कुठल्याच आठवड्यात वाटला नाही.

काल मी नवऱ्याला खाली झोपवलं. “जोर लाव. फिरतो का?” “नाही गं, घट्ट आहे.” “परत बघ.” “बघितलं ना बाबा, घट्ट आहे!” रंग नव्हता म्हणून नेलपॉलिश लावलं. त्याने सगळं मनापासून केलं, शर्ट काळा करून घेतला, पण मला ‘घट्ट आहे’ नको होतं. मला तुमचं ‘हं’ हवं होतं.

मग एकटीच गाडी घेऊन निघाले. शिळफाट्यावरून थेट कल्याण. एवढ्या खड्ड्यांत एकदाही खटखट नाही, ब्रेक दाबला तरी गाडी सरळ. ते वर्कशॉप होतं तिथे आता उंच बिल्डिंग आहे, खाली चष्म्यांचं दुकान. समोर गाडी लावून बराच वेळ बसले. पुढे टिटवाळ्याला तुमच्या घरी जावं असंही आलं मनात, पण तिथे कुणाला काय सांगणार? हे पत्रही कुठे पाठवायचं नाही. वहीतच राहील.

त्या सोमवारी मी आले होते, सर. समोरच्या रसाच्या गुऱ्हाळामागे उभी होते. तुम्ही मुद्दाम सुट्टी टाकून वर्कशॉपच्या दारात थांबला होतात, रस्त्याकडे बघत. आतून माणसांचे आवाज, हसणं. माझे पाय उचलेनात. तुम्ही तासाभराने मान खाली घालून निघालात, तेव्हा मला हाकही मारता आली नाही. घरी सांगितलं, सरांनी माझी जागा दुसऱ्याला दिली. वडील शेवटपर्यंत तुम्हाला नावं ठेवत राहिले आणि मी ऐकून घेतलं. त्यांनी तर स्वतःचा खाकी शर्ट शिंप्याकडून माझ्या मापाचा करून आणला होता. घरातून नाही कुणीच म्हटलं नव्हतं. मी घाबरले होते, सर, एवढंच.