काळी पडणारी कॉफीची किटली

“जी चांदी काळी पडत नाही, तिला हात कोण लावणार?” असं माझ्या दिवंगत नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं, लुदोविना वन्संनी, सोळा वर्षांपूर्वी विचारलं होतं. मी हसले होते.

मी, ग्रासिंदा तेइशेइरा, वय एकोणपन्नास, चांदीकारागीर, राहणार गोंदोमार, पुढच्या मंगळवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे म्हणून, पण कोणाच्याही दडपणाशिवाय, हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. सोळा वर्षांपूर्वी होतं का, ते पुढे वाचून ठरवावं.

घर, दुकान, चिमटे आणि तार ओढायची पट्टी माझी मुलगी बेनेदिता हिला. कपाटातले एकशे चाळीस चमचेही तिलाच, बिचारीला. ते जर्मेनियम मिसळलेल्या, काळ्या न पडणाऱ्या चांदीचे आहेत. “घासायला नको म्हटल्यावर बायका चांदी स्टीलसारखी नेतील,” असं मी गावभर सांगत फिरले. दोन वर्षं नेलीही. मग कळलं, की गिऱ्हाइकं दरवर्षी जुनं उजळायला यायची आणि जाताना काहीतरी नवं घेऊन जायची. उजळायचं संपलं, तसं येणंही संपलं. स्वतःचं दुकान इतकं लख्ख रिकामं करणारी बाई विरळाच.

त्याच शहाणपणात मी चर्चला ईस्टरचा क्रूस या चांदीचा करून दिला. जुना क्रूस ईस्टरच्या रविवारी घरोघर न्यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही बायका तो घासायला वन्संच्या स्वयंपाकघरात जमायचो. वर्षभराची भांडणं त्याच फडक्यानं पुसली जायची. नवा क्रूस पाहून वन्सं म्हणाल्या, “तीस वर्षं घासला गं मी. आता शनिवारी काय करू?”

“आराम करा की, वन्सं!”

“तू कर आराम. तुझं दुकान करतंच आहे.”

त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. समोरच राहतात.

सासूबाईंची कॉफीची किटली साध्या चांदीची आहे, कोळशासारखी झाली आहे. ती वन्संना द्यायची होती. पण नोटरी म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून वन्सं, तुमच्या नावे मी काहीही ठेवत नाही. किटलीसुद्धा बेनेदितालाच.

गोंदोमार, १५ एप्रिल २०१९
सही: ग्रासिंदा तेइशेइरा
साक्षीदार पहिले: अडेलिनु पिन्यू, शेजारी, जोडे दुरुस्त करणारे (सही केली)
साक्षीदार दुसऱ्या: लुदोविना तेइशेइरा (सही बाकी)

वन्सं, हा कागद अडेलिनुंच्या हाती समोर पाठवते आहे. त्यांच्याकडे सही करून देऊ नका. शनिवारी स्वतः या. टेबलावर किटली असेल आणि दोन फडकी. “गुडघे दुखतात” असं कळवाल, ठाऊक आहे मला. रस्ता अकरा पावलांचा आहे. तरी या.