आईची उचकी

मु. कान्हे, सन १९३६

अजीज बद्रुद्दीन मामूंना भाचा मकसूदचा अदबीने सलाम. इकडे सर्व खुशाल असून तुमच्या गुडघ्याची काळजी लागून आहे. (आई म्हणते, गुडघा दुखतो म्हणणारा माणूस दुसरंच काही लपवतो. मी आपलं कळवलं.)

पत्रास कारण आईची उचकी. तुम्हाला ठाऊकच आहे, लोणावळ्यात मी सोडावॉटरच्या कारखान्यात गोटीच्या बाटल्या भरतो. भरताना एखादी आपसूक फुटते, गॅसच तो. पण फुटली की आमचे मुकादम अंबाजी बाटली सोडून माझ्या आईचा उद्धार करतात, आणि तो वडीलधाऱ्यांना लिहिण्याजोगा नाही. मी मान खाली घालून काचा वेचायचो. मला वाटे, सोडा भरताना नाकात गॅस जातो तसंच हेही कामातलंच. बाटल्या धुणारा दत्तोबा (आपल्याच गावचा) एकदा म्हणाला, "आरं, बाटली फुटली तर बाटलीला बोलावं. ह्या शिव्या हायेत, मकसूद, ह्ये काम न्हाई." मी हसण्यावारी नेलं. पण घरी आल्यावर भाकरी गिळवत नसे, मामू, हे खरं.

तशात आईला उचकी लागली. कोण आठवण काढतंय म्हणून ती एकेक नाव घेऊ लागली. तुमचं घेतलं, शेजारच्या अमिनाआपाचं घेतलं, अब्बांचंही घेतलं (ते अल्लाघरी जाऊन किती वर्षं झाली!), उचकी थांबेना. ओट्यावर बसलेला दत्तोबा बोलून गेला, "मावशी, आमचा मुकादम तुमची लय आठवण काढतो." उचकी जागच्या जागी थांबली! झालं. दुसऱ्या दिवशी गुळाचा मलिदा करून बाई माझ्याआधी स्टेशनात हजर. मी हातापाया पडलो, दत्तोबावर डोळे वटारले, काही उपयोग झाला नाही.

कारखान्यात ती दाराशी पोत्यावर बसली आणि नेमकी माझ्या हातातली बाटली फुटली. मुकादम आतून गरजतच आले, "तुज्या आयला—"

आई पदर सावरून उठली. "व्हय दादा, मीच ती. तुमी रोज याद करता म्हनं, तवा म्हनलं भेटून यावं." आणि डबा पुढे केला. मुकादमांचं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं. ते कसं संपतंय हे ऐकायला सगळा कारखाना हातातलं काम सोडून उभा. शेवटी घाम पुसून ते म्हणाले, "तुज्या आयला... पानी दे की रे, उनातनं आल्यात!" पाणी कसलं, त्यांनी स्वतःच्या हाताने सोडा फोडून दिला. (आईने एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.) मलिदा त्यांनी खाली बघत खाल्ला.

पुढे एकदा दत्तोबाच्या हातून बाटली फुटली आणि सवयीने मुकादमांचं तोंड उघडलं. या खेपेला मी मान वर करून म्हणालो, मामू, "मुकादम, ह्याची आई बी कान्ह्यातच ऱ्हाती. बोलवू का?" तोंड मिटलं. त्या संध्याकाळी मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते आईला विचारा.

घरात लहानथोरांना सलाम-दुवा.

तुमचा,
मकसूद

ता. क. दत्तोबाने आज कबूल केलं. शिव्यांचं त्याने आईला आधीच सांगितलं होतं. उचकी लागलीच नव्हती. मलिदा मळताना ती रडत होती, असं अमिनाआपा म्हणते. मला वाटलं होतं, चुलीचा धूर.

आणखी ता. क. पत्र खरं तर यासाठी. तुमच्या दुकानाचे शेठ तुम्हाला आजीवरून काय काय बोलतात, ते तुमच्या सोमाटण्याहून आलेल्या नथूने सांगितलं. आईला लगेच उचकी लागली. म्हणते, "माजी माय काय कबरीतनं उठून यायची न्हाई. मीच जाते." मलिदा झाला आहे. शुक्रवारी घोरावाडी स्टेशनावर तिला उतरवून घ्यायला या. गुडघ्याचं कारण चालणार नाही.