तांदळातलं नाव

४ डिसेंबर ९४
ऊन छान. गच्चीवर मटार सोलत बसले. नात मांडीवर, मुठीत माझं बोट. कान आमच्याकडचे, डोळे आईसारखे हिरवट. सून पोलंडची. बाळूची नोकरी परदेशातल्या आपल्या वकिलातीत, आणि नियम असा की बायको इथली नागरिक झाली पाहिजे, नाहीतर नोकरी सोडा. म्हणून अर्ज दिल्लीत, बाळू तिकडे, आणि ह्या दोघी माझ्याकडे तेलीबागेत. मला काय, मज्जाच! बोट सोडत नाही, म्हणून एका हातानं सोलले. निम्मे घरंगळले.

९ डिसें.
घोटाळा झाला. काल आम्ही बाळाला लस टोचायला गेलो, नेमका अर्जाच्या चौकशीचा माणूस आला. शेजारच्या शुक्ला भाभीला विचारलं, इलोना कुठे राहते? ती म्हणाली, "इस नाम की यहाँ कोई नहीं, भैया." गेला लिहून घेऊन. तिचं तरी काय चुकलं? लग्नात ताटातल्या तांदळावर बाळूकडून अंगठीनं 'उमा' लिहवलं ते मीच. पेढे वाटले. इलोना फक्त कागदावर, गल्लीला उमाच ठाऊक.
सून म्हणाली, "आई, अब क्या होगा?" आणि हसली. पण बाळाचं टोपडं उलटं घातलं.

१० डिसें.
आज उमा चौकशीच्या ऑफिसात जाऊन, दोन्ही नावं माझीच, असं सांगून आली. मला दुपारी डुलकी लागली. स्वप्नात ताटातले तांदूळ पसरत पसरत पार गोमती नदीपर्यंत. ती पुढे नाव लिहीत चाललीय, मागून वारा पुसतोय. जाग आली तर नात खिदळत होती. कशाला कोण जाणे.

१३ डिसें.
तो माणूस पुन्हा आला. आधी चहा, मटार परतून दिले. मग ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं सगळं करून दाखवलं.
"अच्छा... पर माताजी, नाम बदला क्यों?"
"हमारी हो जाए, इसलिए."
"दिल्लीवाले भी यही पूछ रहे हैं, अम्मा. कि आपकी हुई या नहीं." हसला. काय लिहिलं ते दाखवलं नाही. निघताना, "नमस्ते, इलोनाजी."
कशी झटकन वळली ती! उमा म्हटल्यावर अशी कधी वळली नव्हती. बघतच राहिले. भात करायचा राहिला.

१७ डिसें.
दिल्लीचं काही नाही. धुकं, मग एकदम ऊन. गच्चीवरून मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, "इलोनाऽऽ!" सगळ्या गल्लीला कळू दे. नातीला घेऊन धावत वर आली, गाल लाललाल.
पलीकडून शुक्ला भाभी, "अम्मा, ये कौन आ गई?"
म्हटलं, "हमारी उमा."