धुऊन वाळत घातलेली बाई

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू सुखरूप पोचलीस, भावोजींचा गुडघा आता बरा आहे, हे फोनवर कळलं. इथे मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी मजेत नाही. संतापले आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र.

मेणाची वस्तू साबणाने घासून, धुऊन, खिडकीत उन्हात वाळत कोण घालतं? तू! निघायच्या दिवशी माझं टेबल आवरायला तुला सांगितलं होतं कोणी? मी कामावरून आले तर कठड्यावर नुसता गुलाबी ओघळ, आणि सावलीच्या बाजूला उरलेला एक कान. वर तू म्हणतेस, "अगं, मेणच तर होतं. दुसरी कर. तुला काय, वेळच वेळ आहे."

वेळ! सव्वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवतेय मी. मेणात हिरड्या कोरायच्या, दात बसवायचे, डॉक्टरांनी लिहून दिलंय त्याच्या बाहेर जायचं नाही. गेल्या वर्षी एका दुपारी डबा खाताना उरलेल्या मेणाचं बोटांनी आपोआप एक नाक केलं. डबा तसाच राहिला, मी त्या नाकाकडे बघत बसले. शाळेत खडूंवर चेहरे कोरायची, आठवतंय? खडू वाया घालवते म्हणून बाईंची चिठ्ठी घरी आली आणि मी सोडलं ते सोडलंच. त्यानंतर आत्ता. त्या नाकाभोवती चेहरा, मग अख्खं डोकं; सात महिने रोज सकाळी कामाला जायच्या आधी तासभर मी त्यावर काम केलं. या वयात इतका आनंद होतो हे मला माहीतच नव्हतं गं.

पण खरं सांगू? राग मेणाचा नाही. तू आलीस त्या दिवशी टेबलाजवळ थांबलीस, मान तिरकी करून बघितलंस आणि विचारलंस, "ही कोण गं चिडकी बाई? तुमच्या लॅबची मालकीणबाई का?"

मी म्हणाले, "असंच. कुणी नाही."

ती आई होती.

तू तिला विसरलीस की मला जमलं नाही, या विचाराने चार दिवस माझं डोकं फिरलंय. तोंड चुकणं शक्यच नाही. तिची शेवटची कवळी मीच केली होती, ते ओठ मला पाठ आहेत. काल शेवटी जुने फोटो काढले, आरसा घेऊन बसले, तेव्हा कळलं. कपाळ मी माझंच केलं होतं, आठ्यांसकट. तिचं कपाळ माझ्याकडे आलेलंच नाही. ते तुझ्याकडे आहे.

नवीन मेण आणलंय. कान जपून ठेवलाय, तो बरोबर झाला होता. येत्या रविवारी ये आणि खिडकीसमोरच्या खुर्चीत दोन तास बस. बोलायचं नाही, आवरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
आईची धाकटी