गाडीची घरघर

सौम्या,

आज गाडी न्हाय. पुढचं डावं चाक काढलंय. येळ्ळूरला माहेरी उद्या जा, तुझ्या आईला मी फोन केलाय.

गाडी घरघरतीया म्हणून तू दिवाळीपास्नं सांगत होतीस. मला वाटायचं, दिवसभर यंत्रमाग चालवून कानात राहिलेला आवाज असंल. आज सकाळपास्नं लाईट न्हाय, माग थांबलेत. कान निवांत असताना गाडी काढली, तरी घरघर व्हतीच. जॅक लावून चाक हलवलं तर खुळखुळलं. बेरिंग गेलंय. चाकाच्या मधला हब घेऊन अनगोळच्या गॅरेजात चाललोय, नवं बसवून आणतो.

मागाच्या आवाजात तू काय बोलतीस त्याला मी नुसती मान हलवत आलोय. सांजच्याला लाईट आली तरी माग बंद ठेवतो. जेवताना सगळं पैल्यापास्नं सांग.

आप्पा